एकेरीकडून दुहेरीकडे
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभातील भाषण)



बक्षीस समारंभात पाहुण्याने जिंकण्याविषयी बोलावे असा प्रघात आहे. मी आज वाट बदलण्याविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी टेनिसपटू सानिया मिर्झा हिचे उदाहरण घेणार आहे. तिचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्या कारकिर्दीतला जो भाग आपण पालकांनी ध्यानात ठेवावा, तो सहसा कोणी सांगत नाही.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला. ती वाढली हैदराबादेत. सहाव्या वर्षी तिच्या हाती रॅकेट आली. त्या वेळी आपण शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळत होतो, ही आठवण तिनेच सांगितली आहे. वडील इम्रान मिर्झा यांनी तिला खेळाचे धडे दिले. २००३ साली विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाच्या साथीने मिळवले. त्याच वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून ती डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्या वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. तिच्या खेळाइतकीच चर्चा लोकांनी तिच्या पोशाखाची केली. अवघ्या अठरा वर्षांची पोर, पण ती खेळत राहिली. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीत जगात सत्ताविसावी होती.

आणि इथेच घाव बसला. २००८ साली उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला सामना अर्धवट सोडावा लागला. केस विंचरणेही कठीण झाले होते, असे तिने पुढे सांगितले. दोन्ही गुडघ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. एकेरीत सारे कोर्ट एकट्याने पळून राखावे लागते. शरीर ते सोसेना. अखेर २०१३ साली तिने एकेरी सोडली.

क्षणभर थांबून विचार करा. आपल्या घरातील मुलीवर अशी पाळी आली असती, तर आपण काय म्हटले असते? "संपले सारे!" हेच ना?

सानियाने हिशेब निराळा मांडला. दुहेरीत पळण्याचा भार दोघींत वाटला जातो. तिथे समोरून आलेली सर्व्हिस परतवण्याची ताकद आणि जोडीदाराशी जुळवून घेण्याचे भान लागते. तिचा फोरहँड मूळचाच जबरदस्त. महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीत २००९ साली ऑस्ट्रेलियन आणि २०१२ साली फ्रेंच ओपन तिने जिंकलेली होती. म्हणजे नवी वाट तिच्या पायाखालची होती. आता तिने सारी मेहनत तिथे ओतली. २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसशी जोडी जमली. सानियाचा फोरहँड आणि हिंगिसची जाळ्याजवळची चतुराई यांपुढे भल्याभल्यांचा टिकाव लागेना. १३ एप्रिल २०१५ रोजी ती दुहेरीत जगात पहिली झाली. या जोडीने ओळीने ४१ सामने जिंकले. एकंदर सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि ९१ आठवडे पहिला क्रमांक तिच्या नावावर आहे. २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये होबार्टला परतली आणि पहिलीच स्पर्धा नादिया किचेनोकसह जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने खेळातून निवृत्ती घेतली.

आता माझी एक चूक सांगतो. मी तीस वर्षे गणित शिकवले. माझा एक हुशार विद्यार्थी बारावीला शास्त्र शाखेत दोनदा नापास झाला आणि मोटार दुरुस्तीच्या कामाला लागला. त्याचे वडील माझ्यापुढे रडले. त्यांना धीर देण्याऐवजी मीही म्हणालो, "पोरगा वाया गेला." ते त्याच्या कानावर गेले. आज तो रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करतो, घरची चौकशी करतो. पण आपल्या कामाविषयी माझ्याशी कधी एक अक्षर बोलत नाही. मीही विचारायचे धाडस केलेले नाही.

पालकहो, डॉक्टर-इंजिनियर ही आपल्याकडची एकेरी आहे. ती अवश्य खेळू द्या. पण एखाद्याचे मनगट त्या खेळात दुखावले, तर त्याला घरातून हाकलल्यासारखे बोलू नका. त्याच्या हातात दुसरे काय बळ आहे ते त्याच्याबरोबर बसून शोधा. आणि मुलीच्या बाबतीत तर शोधायच्या आधीच खेळ थांबवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. वाट बदलणे म्हणजे मेहनतीतून सुटका नव्हे. सानियाने एकेरी सोडली, सराव सोडला नाही.

उद्या-परवा निकाल लागतील. त्या संध्याकाळी उंबरठ्यावर मुलाला आपले पहिले वाक्य कोणते ऐकू येणार, ते आज घरी जाताना ठरवा. माझे ते वाक्य चुकले होते. तुमचे चुकू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.