‘ढ’ हा शिक्का मारण्यापूर्वी



शाळेत मानसशास्त्रज्ञ हवा, असे म्हटले की जतसारख्या तालुक्यात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. हे शहरी इंग्रजी शाळांचे चोचले, ही पहिली. आमचे पोर काही वेडे नाही, ही दुसरी. दोहोंचे मूळ एकच आहे. हा माणूस शाळेत येऊन नेमके करतो काय, हे समाजासमोर कधी नीट मांडलेच गेले नाही.

या शास्त्रशाखेचा उगम एका शिक्षिकेच्या अस्वस्थतेत आहे. १८९६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांच्याकडे एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्याची अडचण घेऊन आली. मुलगा १४ वर्षांचा, एरवी चुणचुणीत, मात्र शब्द लिहिण्यात सतत चुकणारा. विटमर यांनी त्याला उपदेश केला नाही. प्रथम त्याचे डोळे तपासले. नजरेत दोष निघाला, चष्मा आला. तरीही अडचण पुरती सरेना, तेव्हा लिहिलेल्या शब्दाची आकृती त्याच्या मनात टिकत नाही, हे त्यांनी हुडकले आणि त्याला धरून शिकवणे सुरू केले. आधी कारण, मग उपाय. शालेय मानसशास्त्रज्ञाचे काम आजही याच क्रमाने चालते.

आता हा क्रम जतला लावून पाहावा. सांगली जिल्ह्याचा हा सर्वांत विस्तीर्ण आणि कायम पाण्यासाठी आसुसलेला तालुका. उमदी, संख परिसरात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या आहेत. तिसरीच्या वर्गात पाच मुले मान खाली घालून बसली आहेत आणि विचारले तर बोलत नाहीत, अशी कल्पना करावी. एकाला प्रश्नाची मराठीच उमगलेली नाही. दुसऱ्याला फळा दिसत नाही. तिसरा ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांबरोबर चार-पाच महिने फडावर होता. चौथ्याची बुद्धी उत्तम, पण अक्षरे त्याच्यापुढे नाचतात. त्याला अध्ययन अक्षमता आहे. पाचवीच्या घरात काही दुःख घडले आहे आणि त्याविषयी तिला कुणी विचारलेले नाही. बाहेरून ही पाचही मुले हुबेहूब एकसारखी दिसतात. गुणपत्रकही त्यांचे एकसारखेच. ‘ढ’ हा एकच शब्द पाचांना पुरतो, आणि तिथेच अन्यायाला आरंभ होतो. चौथ्याला शिकवणी लावून उपयोग नाही, पहिल्याला रागावून उपयोग नाही, आणि पाचवीला चष्मा देऊन काय होणार?

या सीमाभागाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मात्र विस्मृतीत गेली आहे. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून, बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती आपल्या मुलांसाठी बेतली, तीही कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत. बिने-कामत कसोटी या नावाने ती देशभर पोहोचली. तिचे मापदंड आता जुने झाले, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. परंतु मुलाची पारख त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, ही दृष्टी जुनी झालेली नाही. जतमध्ये येणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला कन्नड समजत नसेल, तर त्याने दुभाष्या तरी बरोबर आणावा.

पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करणारे डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. मानसशास्त्र केवळ विकाराचे नसते, ते सामर्थ्याचा शोधही घेते, हे त्यांनी संस्था उभारून दाखवले.

प्रश्न व्यवस्थेचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, हेही सांगितले आहे. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट पाहता जतसाठी दुसरे कलमच अधिक मोलाचे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून दूर आहे. मजुरी बुडवून आई मुलाला तिथे वारंवार नेणार नाही. म्हणून तज्ज्ञानेच ठरलेल्या वारी केंद्रशाळेत यावे आणि भोवतालच्या वस्तीशाळांतील मुले तिथे आणली जावीत. दोन भेटींमधल्या काळात डोळे व कान शिक्षकाचेच. कोण अचानक गप्प झाले, कोण डबा उघडत नाही, याची नोंद गुणांच्या नोंदीइतकीच नियमित ठेवावी. जगण्यावरच मन उडाल्याचे एखादे मूल बोलले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना तत्काळ बोलवावे आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर संपर्क साधावा. ही सेवा विनामूल्य, अहोरात्र आहे आणि मराठीप्रमाणे कन्नडमध्येही मिळते.

एक पथ्य कसोशीने पाळावे लागेल. गावात सकाळची गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. मुलीने मानसशास्त्रज्ञाला सांगितलेले तिथे पोहोचले, तर त्या खोलीत पुन्हा कुणी येणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच, आणि तोही आवश्यक तेवढ्याच व्यक्तींना, भेद उघड करावा. तसेच, आई मुलाला आधी गुड्डापूरच्या दानम्मादेवीला घेऊन गेली, म्हणून तिला हिणवू नये. देवदर्शनही करावे आणि उपचारही चालू ठेवावेत, असे सांगणाऱ्याचे ती ऐकते. हसणाऱ्याचे ऐकत नाही.

भेटींचे वेळापत्रकही परीक्षेवरून न ठरवता तालुक्याच्या ऋतुचक्रावरून ठरवावे. पहिली भेट शाळा सुरू झाल्यावर, म्हणजे नव्या वर्गात बावरलेली मुले ओळखता येतील. दुसरी दिवाळीपूर्वी, कोयते बांधून कुटुंबे निघण्याच्या आत. कोणते मूल जाणार आणि कोणते आजीजवळ राहणार, हे तेव्हा कळते. तिसरी फड संपून गाड्या परतल्यावर. त्या वेळी वर्गात पुन्हा येऊन बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न पाढ्यांचा विचारू नये. इतके दिवस कुठे होतास आणि तिथे काय काय पाहिलेस, हे विचारावे, आणि त्याच्या घरच्या भाषेत विचारावे.