काटा मोडला, पण कळलं नाही

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणी बहुधा अनवाणीच होते. चिखलात काटा मोडला आणि कळलंही नाही, तर तो कणखरपणा समजू नका. मधुमेहात वर्षानुवर्षं रक्तात वाढलेल्या साखरेनं नसा खराब होतात. आधी तळव्यांना मुंग्या, रात्री आग, मग काहीच जाणवत नाही. हृदयाकडच्या नसांचंही असंच होतं. म्हणून मधुमेहींना हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीत न दुखताच येतो. नुसता दम, घाम, मळमळ. आणि आपण ‘पित्त झालं’ म्हणून सोडा पितो! अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी थेट १०८ ला फोन करा. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जुन्नर असो वा मंचर, मधुमेहींनी न कळलेली जखम दिसावी म्हणून झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहावेत. नजर अधू असेल तर नातवंडांना दाखवावेत.