आधी पावती बघा

निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहतात. त्यात एखादा ओळखीचा मुलगा असतो, नाही म्हणवत नाही. पण ज्या नेत्यावर आपला भरवसाच नाही, त्याच्यासाठी खिशात हात घालावा का? माझ्या मते, भिडेखातर एक रुपयाही देऊ नये. मत द्यायला वर्गणी लागत नाही.

द्यायचीच असेल, तर पक्षाच्या खात्यात चेकनं किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीनं घेतली, तर पक्षाची आयकरातली सूट धोक्यात येते. पावतीवर पक्षाचं नाव, पॅन क्रमांक, तारीख नीट वाचून घ्या. वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. त्याखालच्या देणगीदारांची नावं सांगण्याची सक्ती नाही, आणि ही फट मोठी आहे.

पक्षांना देणगी देण्याच्या निवडणूक रोखे योजनेत तर देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपलेलंच होतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षांना पैसा कुठून येतो, हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क मानला. पक्षांचे देणगी अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. पैसे देण्याआधी ते एकदा उघडून बघा.