तो सोबत असेल असें समजून
(रौप्यमहोत्सवी कुटुंबसप्ताहांत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या रौप्यमहोत्सवी वर्षीं मुलांच्या संगोपनाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हां उभयतां पतिपत्नींस झाली. आम्ही पंडित नव्हे, उपदेशक तर नव्हेच. दोन मुलांचे आईबाप आहों, आणि जें सांगणार आहों तें आमच्याच चुकीनें आम्हांस शिकविलें आहे.

संत लूक याच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील कथा आपणां सर्वांस परिचित आहे. सणाहून परततांना बारा वर्षांचा येशू यरुशलेमेंत मागें राहिला. मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्याचा शोध करूं लागलीं, आणि तीन दिवसांनीं तो मंदिरांत सांपडला. या कथेंतील मुलाच्या उत्तरावर पुष्कळ प्रवचनें आपण ऐकलीं आहेत. आम्हांस मात्र तो पहिला दिवस सोडीत नाहीं. जुने भाष्यकार सांगत आले आहेत कीं यात्रेंत पुरुष एका मेळ्यानें चालत व स्त्रिया दुसऱ्या मेळ्यानें, आणि लहान मुलें कोणत्याही मेळ्यांत असत. म्हणून आईस वाटलें, तो बापाजवळ आहे. बापास वाटलें, तो आईजवळ आहे. त्या पवित्र मातापित्यांच्या प्रेमाविषयीं कोण शंका घेईल? त्यांच्यावर जर असा प्रसंग येऊं शकला, तर आमच्यासारख्यांची काय कथा!

आमच्यावर तो आला तेव्हां आमचा थोरला मुलगा चौदा वर्षांचा होता. आम्ही नेरुळास राहतों. आमच्यापैकीं एकाची कचेरी फोर्टांत. सकाळीं सव्वासातास घर सोडावें तें रात्रीं साडेआठास परत यावें. दुसरी परिचारिका; आज दिवसपाळी तर उद्यां रात्रपाळी. मुलगा शाळेंतून येई, कुलूप उघडी, जेवण गरम करी व संध्याकाळीं शिकवणीच्या वर्गास जाई. निदान आमची तशी समजूत होती. एके दिवशीं त्या वर्गाकडून निरोप आला कीं मुलगा तीन आठवडे फिरकला नाहीं. आम्हीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. "तुम्हांस ठाऊक असेल असें मला वाटलें," असें दोघांच्याही तोंडून एकाच वेळीं निघालें.

तो कोठें जात होता? वाशीच्या स्थानकांतील एका बांकावर बसून गाड्या पाहत होता. गणिताच्या एका परीक्षेंत नापास झाला होता व तें कोणास सांगावें हें त्यास कळत नव्हतें. व्यसन नव्हे, वाईट संगत नव्हे, कांहीं नव्हे. आमच्यापैकीं वडिलांनीं थोडें रागावूनच विचारलें, "अरे, मग आम्हांस सांगितलें कां नाहींस?" तो म्हणाला, "डॅडी, केव्हां सांगूं?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. त्या रात्रीं आम्ही दोघेही झोंपलों नाहीं.

नवी मुंबईच्या आम्हां रहिवाशांची एक मौज आहे. हें शहर वसविण्यासाठीं १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवर पूल झाला, १९९२ सालीं वाशीस आगगाडी आली, आणि २०२४ च्या जानेवारींत शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. प्रत्येक वेळीं लोक म्हणाले, आतां वेळ वांचेल. वेळ वांचला खरा. पण तो घरापर्यंत पोंचला नाहीं, वाटेंत कचेरीनेंच ठेवून घेतला.

झाल्या प्रकारानंतर आप्तेष्टांनीं सल्ला दिला कीं मुलाच्या मोबाईलवर नजर ठेवा. आम्हीं तसें केलें. आठ दिवस फोर्टांतल्या मेजापाशीं बसून बाप नकाशावरचा एक ठिपका पाहत होता. ठिपका शाळेंत, ठिपका वर्गांत, ठिपका घरीं. याच सुमारास पोप फ्रान्सिस यांचें २०१६ सालचें कुटुंबविषयक प्रबोधन, 'आमोरिस लेतित्सिया', आमच्या वाचनांत आलें. त्याच्या सातव्या प्रकरणांत ते बजावतात कीं मूल या घटकेस कोठें आहे याचा ध्यास धरणें म्हणजे त्यास वाढविणें नव्हे. त्याचें मन कोठें पोंचलें आहे, हें आईबापांस ठाऊक आहे काय? तो ठिपका आम्हीं त्याच दिवशीं काढून टाकला.

मग काय केलें? फार मोठें कांहीं नाहीं. आईस पाळी सोडणें शक्य नव्हतें. घरावर कर्ज आहे. बापानें बढती नाकारली, कारण तिच्याबरोबर आणखी दोन तास कामाचे येत होते. हें सांगणें सोपें आहे. पहिल्या तारखेस तें अजूनही जड जातें. शुक्रवारची संध्याकाळ आम्हीं मुलांस दिली. मोबाईल कपाटांत ठेवून चौघें बसलों, आणि पहिल्या शुक्रवारीं स्थानकावरील प्रतीक्षालयांतल्या उतारूंसारखे गप्प बसून राहिलों! जपमाळेचीं पांच रहस्यें घाईनें आटोपण्याऐवजीं एकच सावकाश म्हणूं लागलों. आमच्या वसईकर आजीबाईंस हें मुळींच पसंत नाहीं. त्यांच्या लहानपणीं संध्याकाळची घंटा झाली कीं सारें घर गुडघे टेकी, आणि प्रार्थना संपल्यावर मुलें वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेत. आम्हीं त्यांस म्हटलें, रहस्यें चार गेलीं, पण आशीर्वाद परत आणला आहे. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

एक गोष्ट अनुभवानें कळली. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा समोर बसवून विचारल्यास बोलत नाहीं; बरोबर चालूं लागलें कीं बोलतो. हिंवाळ्यांत नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागीं रोहित पक्षी उतरतात. रविवारची मिस्सा झाल्यावर बापलेक ते पाहण्यास जाऊं लागले. पक्षी मोजतां मोजतां गणिताचें भय, मित्राशीं झालेलें भांडण, "देव माझें ऐकतो हें कशावरून?" हें सारें एकेक करून निघालें. शेवटच्या प्रश्नास बापाला उत्तर देतां आलें नाहीं. पण प्रश्न घरच्या माणसाकडे आला, हें थोडें नव्हे.

जन्मापासून अठरा वर्षें पुरीं होईतों मुलाच्या वांट्यास सुमारें ९३६ रविवार येतात. आम्ही जागे झालों तेव्हां त्यांतले ७२८ खर्ची पडले होते, उरले २०८.

आतां थोडें धीटपणानें बोलतों, फादर क्षमा करतील. या महोत्सवाच्या तयारीसाठीं आपल्यांतील कित्येक बाप आठवड्यांतून चार-चार रात्री सभांस येत आहेत. आम्हीही त्यांत होतों. देवळाच्या कामासाठीं घराबाहेर असलों म्हणजे मुलास ती गैरहजेरी वाटत नाहीं, असें थोडेंच आहे? पोप अकरावे पायस यांनीं १९२९ सालच्या शिक्षणविषयक पत्रांत मुलांस वाढविण्याचा हक्क व कर्तव्य कुटुंबाचें मानलें आहे. म्हणून आमची विनंति आहे कीं आठवड्यांतील एका संध्याकाळीं धर्मग्रामांत कोणतीही सभा, तालीम वा वर्ग ठेवूं नये, आणि हा नियम महोत्सवानंतरही चालावा.

ही हकीकत सांगण्यास आम्हीं मुलाची परवानगी मागितली. तो आतां सोळा वर्षांचा आहे. म्हणजे १०४ रविवार राहिले. त्यानें दोन अटी घातल्या. त्याचें नांव घेऊं नये, ही पहिली. आणि भाषण आठाच्या आंत संपवावें, ही दुसरी, कारण आज शुक्रवार आहे व ही संध्याकाळ आम्हीं त्याच्याकडून उसनी घेतली आहे. आठास पांच मिनिटें आहेत. तो मागच्या बांकावर घड्याळाकडे बोट दाखवीत आहे.