वेदनेची वाट पाहू नका

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत एका दंतवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 मला विषय दिला आहे तो दातांच्या नित्य देखभालीचा. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंक्तीत दाताचे दुखणे किरकोळ वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी माणसांना कोणता ना कोणता मुखरोग आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी मानवजात. जो रोग इतका सर्वदूर आहे आणि बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे, त्याला किरकोळ म्हणणे योग्य ठरणार नाही.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच औद्योगिक पट्ट्यातील एका शिबिरात मी तपासणीला बसलो होतो. चाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. चाकणच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करीत. खिशात सुपारीची पुडी. गालाच्या आतल्या बाजूस पांढरट चट्टा होता आणि तोंड पुरते उघडत नव्हते. मी चिठ्ठीवर ‘पुढील तपासणी आवश्यक, त्वरित यावे’ असे लिहून दिले. ते आले, पण तीन वर्षांनी. तोपर्यंत चट्ट्याची जखम झाली होती, आणि तपासणीत कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेने त्यांचे प्राण वाचले, पण जबड्याचा काही भाग गमवावा लागला. पहिल्या दिवशी त्यांनी पाकिटातून माझीच चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “डॉक्टर, दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही.”

बंधु-भगिनींनो, ‘दुखत नव्हतं’ या दोन शब्दांतच आजच्या विषयाचे सार आहे. दाताच्या बाबतीत वेदना हे रोगाचे पहिले लक्षण नसते, पुष्कळदा ते शेवटचे असते. असे का होते, हे समजून घेऊ.

दाताचे बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. मात्र त्यात संवेदना नाही. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की दातांवरील चिकट थरातील जीवाणू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवचातील खनिजे विरघळवते. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. परंतु दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि प्रत्येक वेळी बिस्कीट, असा क्रम असला तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, हेही फार महत्त्वाचे ठरते. कवच पोखरले जात असताना मालकाला काहीच कळत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड, गोड झोंबू लागते, आणि गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते.

पुढची अवस्था तर अधिकच फसवी असते. काही दिवस ठणकून दात अचानक शांत होतो. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात दातातील नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडून हाडात उतरत असतो.

येथे आपल्या शहराचा एक संदर्भ देतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पिंपरीचे नाव पेनिसिलीनशी जोडले गेले. प्रतिजैविकांनी कोट्यवधींचे प्राण वाचवले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्याच शहरात आपण दाढ दुखली की औषधाच्या दुकानातून चार गोळ्या घेतो आणि काम भागवतो. नस मेलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, मग रक्तातून येणारे औषध तेथे पोहोचणार कसे? गोळीने सूज ओसरते, मूळ कारण तसेच राहते. ते दूर करण्यासाठी दाताची पोकळी स्वच्छ करून भरावी लागते, म्हणजेच रूट कॅनल करावे लागते, अथवा दात काढावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांचे भोसरी, तळवडे, चाकण या भागांत कारखाने आहेत. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्ती करणे आणि ठरावीक तासांनी तेल, पट्टे, बेअरिंग तपासणे यांत खर्चाचा केवढा फरक पडतो, हे मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. तोच हिशेब तोंडालाही लागू आहे.

आता तपासणीला गेल्यावर नेमके काय होते, ते सांगतो. कारण पुष्कळांची भीती अज्ञानातून आलेली असते.

प्रथम आपली माहिती विचारली जाते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भावस्था, कोणत्या औषधाची ॲलर्जी, चालू असलेल्या गोळ्या, हे सर्व सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी कोणी घेत असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नये. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

त्यानंतर लहान आरसा आणि बारीक सळई घेऊन एकेक दात पाहिला जातो. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या दुसऱ्या सळईने हिरडी आणि दात यांमधील फट मोजतात. ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर सामान्यतः चिंता नसते. चार किंवा अधिक भरली आणि हिरडीतून रक्त आले, तर उपचाराची गरज असते. जीभ, तिच्या कडा, जिभेखालचा भाग, गाल आणि टाळू हेही पाहिले जातात. डॉक्टरांनी हे पाहिले नाही, तर आपण होऊन तशी विनंती करावी. दोन दातांमधील आणि मुळाजवळील दोष डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी गरजेनुसार छोटा एक्स-रे काढतात.

दातांवर जमलेले कीटण ब्रशने निघत नाही. ते काढण्याच्या क्रियेला स्केलिंग म्हणतात. सूक्ष्म कंपने देणारे उपकरण पाण्याच्या तुषारासह वापरले जाते. स्केलिंगमुळे दात हलतात, फटी पडतात, असा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. वस्तुस्थिती अशी की, हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेले असतात आणि फटींमध्ये कीटण भरलेले असते. ते निघाल्यावर खरे चित्र दिसू लागते, इतकेच. काही दिवस थंड पाणी झोंबेल, ते हळूहळू कमी होते.

शेवटी कोणते उपचार तातडीचे, कोणते नंतर केले तरी चालतील आणि अंदाजे खर्च किती, हे विचारून घ्यावे, शक्यतो लिहूनही घ्यावे. उपकरणे कशी निर्जंतुक करता, असेही निःसंकोच विचारावे. दाबाखालील वाफेत, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवणे ही त्याची एक प्रस्थापित पद्धत आहे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

घरी करावयाची काळजी साधी आहे. मऊ ब्रश, दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटे, आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट. आपल्या देशात पेस्टमधील फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम आहे. तीन वर्षांखालील बालकासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माता-भगिनींनी ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा एकही दात न पडता, सर्वांत मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची समजून दुर्लक्षित राहते. ती कायमची दाढ असते, पुन्हा येत नाही.

आपल्या आचारधर्माशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. जे चौविहार पाळतात, त्यांनी सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच दात स्वच्छ करावेत. त्यानंतर रात्रभर मुखात काहीच जात नाही, दातांना याहून मोठी विश्रांती कोणती? नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे झाल्यावर ब्रश करावा. पच्चक्खाणाच्या मर्यादेविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही, तो गुरुजनांचा आहे. वैद्यकीय दृष्टीने एवढेच सांगतो की, दीर्घ उपवासात लाळ कमी होते, आणि अशा वेळी जुनी कीड उफाळली तर रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेणे घातक ठरू शकते. म्हणून तपश्चर्येचा संकल्प असणाऱ्यांनी चातुर्मासापूर्वीच तपासणी करून घ्यावी. रात्रपाळीच्या कामगारांची ‘झोपण्यापूर्वीची’ वेळ सकाळची असते, त्यांनी घरी येऊन ब्रश करूनच झोपावे.

आता मुखवासाविषयी. आपल्या घरांत मद्य नाही, तंबाखूही बहुधा नाही. परंतु जेवणानंतर सुपारी निरुपद्रवी मानली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही तंबाखूविनासुद्धा कर्करोगकारक असल्याचे नोंदवले आहे. सुपारीने गालाची त्वचा आतून कडक होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घरातील डब्यातली सुपारी कोण बंद करणार? आपल्या घरी वा कारखान्यात काम करणाऱ्या भगिनी मशेरी लावत असतील, तर तीही भाजलेली तंबाखूच आहे, हे त्यांना आपुलकीने सांगावे. घरच्या घरी एक चाचणी करता येते. स्वतःची तीन बोटे उभी जोडून तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसतील, किंवा तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर विलंब करू नये.

तपासणी किती दिवसांनी करावी? सर्वांसाठी सहा महिने असा सोयीचा नियम रूढ आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००४ साली सांगितले की, हे अंतर व्यक्तीच्या धोक्यानुसार तीन महिन्यांपासून प्रौढांसाठी दोन वर्षांपर्यंत असू शकते. मधुमेही, सुपारी खाणारे आणि वारंवार कीड लागणारे यांनी लवकर जावे. इतरांनी आषाढात चातुर्मासापूर्वी एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास दुसऱ्यांदा, असे ठरवले तर तारीख विसरणार नाही. खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. विमाधारक कामगारांनी चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात चौकशी करावी.

समारोपापूर्वी पुन्हा त्या चिठ्ठीकडे वळतो. ते गृहस्थ आले नाहीत, हा दोष केवळ त्यांचा नव्हता. मी चिठ्ठी दिली, पण त्यांचा दूरध्वनी क्रमांक टिपून घेतला नाही. महिन्याभरात एक फोन केला असता, तर कदाचित त्यांचा जबडा वाचला असता. ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी एक नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण दंततपासणी शिबिर घेणार आहात, त्यासोबत एक वही ठेवा. ज्यांना पुढील उपचार सांगितले, त्यांच्या संमतीने त्यांचे नाव आणि क्रमांक त्या वहीत लिहा आणि युवक मंडळाने एक महिन्याने प्रत्येकाला फोन करावा. आपण व्यापारी माणसे आहोत. उधारीची वही ठेवतो आणि ठरल्या दिवशी आठवणही करून देतो. तीच तत्परता साधर्मिक बंधूच्या आणि आपल्याकडे राबणाऱ्या कामगाराच्या आरोग्यासाठी दाखवली, तर शिबिराचे सार्थक होईल. त्या वहीतील नावांची तपासणी मी स्वतः विनामूल्य करीन, हे आज आपणां सर्वांसमक्ष सांगतो.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.