खोली सोडतानाचा कागद

(जळगावातील युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



भाड्याच्या घराचा विषय निघाला की आपल्याकडे एकच अनुभव सांगितला जातो. खोली बघितली, पसंत पडली, भाडं ठरलं, मग नाव विचारलं आणि खोली 'आजच दुसऱ्याला दिली' असं उत्तर आलं. हा अन्याय खरा आहे आणि त्याविरुद्ध आपण बोलत राहणारच. पण आज मला त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचं आहे. मिळालेली खोली सोडायची कशी?

मी धुळ्याची, देवपूरची. कायद्याचं शिक्षण घ्यायला जळगावात आले. सात ठिकाणी नकार मिळाल्यावर आठव्या ठिकाणी एका काकांनी खोली दिली. दहा हजार डिपॉझिट, करार वगैरे काही नाही. 'बेटा, घरच्यासारखी राहा,' म्हणाले. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षा संपली, अब्बांची तब्येत बिघडली, म्हणून मी काकांना फोन केला, 'काका, मी महिनाअखेरीस खोली सोडते.' ते 'बरं बरं' म्हणाले. चावी शेजारच्या किराणा दुकानात ठेवली आणि पारोळामार्गे धुळ्याची एसटी पकडली.

डिपॉझिट मागायला गेले तेव्हा काका म्हणाले, 'तू सांगितलंसच कधी? दोन महिने खोली रिकामी राहिली.' माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. कायदा शिकत होते आणि स्वतःच्या खोलीचा कायदा मला ठाऊक नव्हता. ते दहा हजार अब्बांनी हातउसने आणले होते. ते फेडायला घराला वर्ष लागलं.

मी कागद का दिला नाही? लाज वाटली. ज्या माणसानं सात नकारांनंतर दार उघडलं, त्याला 'नोटीस' कशी द्यायची? आपल्याकडे नोटीस म्हटलं की कोर्टकचेरी डोळ्यांपुढे येते. पण नोटीस म्हणजे सूचना. अमुक तारखेला मी जाणार आहे, एवढंच ती सांगते. 'जबान दी है, कागद कशाला?' असं म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना मी एक आठवण करून देते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेच सांगते.

आता कामाचं बोलू. आधी आपला कागद ओळखा.

बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिल्या जातात. अनेकांना वाटतं, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर खोली घेतली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. काकांकडे गेले त्या दिवशी मला हे ठाऊक असतं तर!

करार हातात असेल तर त्यात दोन गोष्टी शोधा. एक, नोटिशीची मुदत. ती बहुधा एक महिन्याची असते. दुसरी, 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात खोली सोडली तरी भाडं द्यावं लागेल असा काळ. अकरा महिने पूर्ण झाले की करार आपोआप संपतो, तरी महिनाभर आधी लिहून कळवा. आणि मुदत संपल्यावर 'आणखी पंधरा दिवस चालेल' असं गृहीत धरू नका. कलम 24 नुसार मुदतीनंतर खोली सोडली नाही, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. थांबायचंच असेल तर घरमालकाची लेखी संमती घ्या.

कागदच नसेल आणि दरमहा भाडं देऊन राहत असाल तर? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 106 सांगतं की अशी महिनेवारी भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. नोटीस लेखी हवी, सही केलेली हवी आणि पंधरा दिवस मोजायचे ते समोरच्याला ती मिळाल्यापासून. तरी माझा सल्ला, महिनाभर आधीच द्या. समोरच्यालाही नवा भाडेकरू शोधायचा असतो.

लिहायचं काय? अर्धं पान पुरतं:

'मा. श्री. / श्रीमती (घरमालकाचं पूर्ण नाव) यांस, मी आपल्या (पूर्ण पत्ता) येथील खोलीत (तारीख) पासून भाड्याने राहत आहे. मी ही खोली (तारीख) रोजी रिकामी करून ताबा व चाव्या आपल्याला देत आहे. हे पत्र त्याची सूचना समजावे. त्या तारखेपर्यंतचे भाडे व वीजबिल मी भरीन. त्या दिवशी आपण समक्ष खोली पाहून माझे (रक्कम) रुपये डिपॉझिट परत करावे, ही विनंती.'

खाली तारीख, सही, मोबाईल नंबर. राग नको, तक्रार नको, कारणही द्यायची गरज नाही. करारावर दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या. पत्र द्यायचं ते घरमालकाला. एजंटला सांगितलं म्हणजे घरमालकाला कळवलं असं समजू नका.

द्यायचं कसं? दोन प्रती काढा. एक हातात द्या, दुसरीवर 'मिळाले' अशी सही आणि तारीख घ्या. सही द्यायला नकार दिला तर भांडू नका. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन पाकीट परत आलं तर ते फोडू नका, बंदच ठेवा. तोच तुमचा पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही पाठवा, पण त्याच एकावर विसंबू नका.

निघायच्या दिवशी रिकाम्या खोलीचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. महावितरणचं शेवटचं बिल भरा. चाव्या दिल्याचं एका ओळीत लिहून घ्या. किराणा दुकानात चावी ठेवू नका, हे माझ्याकडून शिका. आणि 'शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळवा' असं परस्पर ठरवू नका. दोघांना मान्य असेल तर तेही लिहा.

एवढं करूनही डिपॉझिट मिळालं नाही तर रकमेची लेखी मागणी करा. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन 15100. दावा न करताही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं.

काही जण म्हणतात, आपण नीट वागलो तर पुढच्या मुस्लिम मुलाला खोली मिळेल. मला हे पटत नाही. नागरिकाला घर मिळवण्यासाठी साऱ्या समाजाच्या वतीनं चांगुलपणाची परीक्षा द्यावी लागू नये. कागद द्यायचा तो घरमालकाची मर्जी राखायला नव्हे. उपकाराच्या ओझ्याखाली आपण आपले हक्क मागायला विसरतो, आणि तो कागद आपल्याला उपकृताच्या जागेवरून उठवून व्यवहारातल्या बरोबरीच्या माणसाच्या जागेवर बसवतो.

वकिली सुरू केल्यावर मी धुळ्यात एक खोली ऑफिससाठी नव्हे, राहण्यासाठीच घेतली होती. सोडताना घरमालकीण मावशींना पत्र दिलं. त्या रुसल्या. 'मी काय परकी आहे का गं?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'मावशी, आपली म्हणूनच लिहून देते, उद्या दोघींत गैरसमज नको.' त्यांनी सही केली. निघायच्या दिवशी चहा दिला आणि डिपॉझिटच्या नोटा माझ्यासमोर मोजून हातात ठेवल्या. आजही ईदला शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो.

आज घरी गेल्यावर आपला करार काढा. मुदत कधी संपते, नोटीस किती दिवसांची, एवढंच वाचा. करार नसेल तर उद्या घरमालकाकडे मागा. आणि कुणाला पत्र लिहायचं असेल तर थांबा, आपण इथेच बसून लिहू.