डेपोजवळचा प्लॉट स्वस्त का मिळतो?

मागे मी भावासोबत नगरच्या कडेला प्लॉट बघायला गेलो होतो. भाव ऐकून भाऊ खूश. तेवढ्यात वारा फिरला, आणि स्वस्ताईचं कारण नाकालाच कळलं. जवळच कचरा साठत होता.

कचरा डेपो म्हटलं की नगरकरांना बुरुडगाव आठवतं. पण प्रश्न फक्त वासाचा नाही. घनकचरा नियमांनुसार, रोजची क्षमता 5 टनांपेक्षा जास्त असलेल्या प्रकल्पाभोवती बफर झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा ठेवावा लागतो. सातबारा तुमचा, पण घर बांधता येईलच असं नाही! शिवाय पाणी. पुण्याजवळ फुरसुंगी, उरुळी देवाचीत डेपोमुळे विहिरी खराब झाल्या.

ट्रान्स्फर स्टेशन वेगळं. तिथून कचरा झाकलेल्या मोठ्या गाड्यांतून पुढे जातो. रोज हलला तर त्रास कमी, साचला तर तोही डेपोच.

म्हणून इसार देण्याआधी झोन दाखला काढा, विहिरीचं पाणी तपासा, संध्याकाळी एक चक्कर मारा.

भावानं तो प्लॉट सोडला. शेजारचा शेतकरी मात्र जमीन सोडून कुठे जाणार? कचरा आपल्या सगळ्यांचा, तोटा त्याच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर. जरा विचार करा. भेटूया पुढच्या भागात!